सोनेरी अंगाचा १०० वॅटचा रेझिस्टर, सात महिन्यांनी

पॉवर सप्लाय तपासायला डमी लोड, म्हणजे खऱ्या उपकरणाऐवजी नुसतीच वीज खाणारा भार, हवा होता, म्हणून ४ ओहमचा, १०० वॅटचा, सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला वायरवाउंड (आत तार गुंडाळलेला) रेझिस्टर घेतला. सात महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा वापरतोय. वस्तू चांगली आहे. फक्त अंगावर छापलेले ते १०० वॅट मी पहिल्याच दिवशी खरे मानले, आणि त्याची तपकिरी खूण टेबलावर अजून आहे.

त्या दिवशी १२ व्होल्ट लावले होते. करंट ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट. शंभरापुढे ३६ म्हणजे किरकोळ, असं समजून रेझिस्टर नुसताच लाकडावर ठेवला. दहा-बारा मिनिटांत पॉलिश जळल्याचा वास! नंतर डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचं माहितीपत्रक, नीट वाचली. १०० वॅट हा आकडा ठरावीक मापाच्या हीट सिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या, पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यावर) बसवल्यानंतरचा होता. उघड्यावर त्याची क्षमता जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. हे बारीक अक्षरांत कशाला छापतात, देव जाणे.

तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरणाऱ्या अणूंवर आदळत राहतात आणि आपली ऊर्जा त्यांना देऊन टाकतात, तीच ही उष्णता. मोटर थोडं तरी काम करते, दिवा थोडा तरी उजेड देतो. रेझिस्टर मात्र मिळालेला प्रत्येक वॅट उष्णतेतच घालवतो. मग तो किती तापणार हे ठरतं ती उष्णता बाहेर कशी पडते त्यावर. आत येणारे वॅट आणि बाहेर पडणारे वॅट सारखे होईपर्यंत तापमान चढतच राहतं.

आता तो अर्धा किलोच्या ॲल्युमिनियमच्या सिंकवर आहे, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. पेस्ट नसेल तर दोन सपाट दिसणाऱ्या धातूंमध्ये हवेचे कप्पे राहतात, आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक. पण पेस्ट जाड थापूनही उपयोग नाही. ती हवेपेक्षा बरी असली तरी धातूच्या पासंगालाही पुरत नाही. खोली २८ अंशांवर असताना तेच ३६ वॅट दिले, तर सिंक ६४ अंशांच्या आसपास स्थिरावतो. सिंक आडवा ठेवून पात्यांमधली हवा वर जायची वाट अडवली, तेव्हा हाच आकडा सात-आठ अंशांनी वाढला.

स्थिरावायला मात्र वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या मिनिटात सिंक पाचएक अंशच चढतो, त्यामुळे घाईत चाचणी करणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. मलाही वाटलं होतं.

दुसरी फसगत इन्फ्रारेड थर्मामीटरने केली. चकचकीत सिंकवर नेम धरला तर तो ३५ दाखवायचा, आणि हात लावला की चटका. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फार कमी किरण सोडतं, त्यामुळे थर्मामीटरला त्यात खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला, तेव्हा खरा आकडा आला.

१२ वरून १८ व्होल्टवर गेलो तेव्हा व्होल्टेज दीडपट झालं, उष्णता मात्र सव्वादोनपट: ८१ वॅट. हा वर्गाचा (दीड गुणिले दीडचा) हिशोब जूल या भौतिकशास्त्रज्ञाने १८४१ सालीच मांडून ठेवलाय, तरी आपण प्रत्येक वेळी नव्याने पोळून घेतो. इथे छोटा पंखा लावावाच लागला. पंख्याशिवाय सिंक शंभरीपार, पंख्यासह सत्तरीच्या आसपास.

जास्त ओहम म्हणजे जास्त तापणार, असं बरेच जण धरून चालतात. व्होल्टेज ठरलेलं असेल तर उलट होतं. कमी ओहमचा जास्त करंट खेचतो आणि जास्त तापतो. करंट ठरलेला असेल तेव्हाच तो समज खरा.

ओहमची किंमत टिकवण्यात तक्रार नाही. व्होल्टेज आणि करंट मोजून काढली, तर थंड असताना ४.०२ ओहम, तापल्यावर ४.०५ च्या आत. आधी वापरत होतो तो १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर पूर्ण भारावर इतका तापायचा की पायांचा सोल्डर मऊ पडून एक पाय सुटला होता. आतली तार गुंडाळलेली असल्याने या सोनेरी रेझिस्टरला थोडा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) आहे. ऑडिओच्या कामाला फरक पडत नाही, रेडिओच्या कामाला घेऊ नका.

पाचव्या महिन्यात तेवढ्याच ३६ वॅटला रेझिस्टरचं कवच सहा अंश जास्त दाखवू लागलं, सिंक मात्र होता तिथेच. तापून-थंड होऊन स्क्रू सैल झाले होते. आवळले, आकडा परत जागेवर. आता स्प्रिंग वॉशर टाकलेत. ॲम्प्लिफायरसाठी ८ ओहमचा आणखी एक मागवलाय, सिंकवर त्याची भोकं आधीच पाडून ठेवलीत.