कोकणातलं खासगी रान: कोणतं प्रमाणपत्र घ्यावं?

समजा, संगमेश्वर-देवरुखकडे तुमचं आठ-दहा एकर रान आहे. खालच्या अंगाला वडिलांनी लावलेला साग, वर पऱ्याच्या कडेने ऐन, किंजळ, बेहडा असं मूळचं जंगल. ठेकेदार उभं रान मागतोय, आणि कुणीतरी म्हणतंय, ‘लाकडाला प्रमाणपत्र घे, भाव चांगला येतो.’

हे प्रमाणपत्र म्हणजे लाकूड जंगल राखून काढलंय, याची बाहेरच्या संस्थेने दिलेली खात्री. कोणतंही प्रमाणपत्र तुम्हाला मालकी देत नाही, उलट मालकीचा पुरावा मागतं. त्यामुळे सुरुवात सातबाऱ्यापासून करा. सामाईक नावं किती आहेत, भावकीची संमती आहे का, आणि मुख्य म्हणजे ‘इतर हक्कां’त १९७५ च्या खासगी वने (संपादन) कायद्याचा शेरा आहे का, ते बघा. या कायद्याने खासगी वनं सरकारकडे घेतली, त्यामुळे शेरा असेल तर मालकीच वादात येते. विक्रोळीच्या जमिनीबाबत पन्नासच्या दशकातल्या एका नोटिशीवरून निघालेला वाद गोदरेज अँड बॉइसला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २०१४ साली. दहा एकरवाल्याला ते झेपणारं नाही. साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. त्यामुळे तोडीची परवानगी आणि वाहतूक पास प्रमाणपत्र असलं तरी लागणारच.

आता पर्याय बघू. एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र) १९९३ पासूनचं, जगभर ओळखलं जाणारं आणि मूळ जंगलाबाबत सगळ्यांत कडक. ३१ डिसेंबर २०२० नंतर नैसर्गिक जंगल तोडून लागवड केली असेल, तर साधारणपणे दार बंद. त्याआधी, पण १९९४ नंतर तोडलं असेल तर आधी जंगलाचं झालेलं नुकसान भरून काढण्याचं काम करावं लागतं. मला हा कडकपणा पटतो. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, तपासणी मात्र दर वर्षी. एकट्याने हा खर्च परवडत नाही, अनेक मालकांनी मिळून एकच प्रमाणपत्र घ्यायचं, अशा गटातच जावं लागतं.

पीईएफसी (प्रोग्राम फॉर द एन्डॉर्समेंट ऑफ फॉरेस्ट सर्टिफिकेशन) १९९९ चं. युरोपातल्या छोट्या, घरगुती वनमालकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. ते प्रत्येक देशाच्या स्वतःच्या योजनेला मान्यता देतं. भारतात हे काम नोएडाची एनसीसीएफ (नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स) ही संस्था बघते. तिथे जंगलाबाहेरच्या झाडांचा, म्हणजे शेतातल्या-बांधावरच्या झाडांचा वेगळा विचार आहे. लावलेल्या सागाला ही चौकट जास्त जवळची वाटते.

केंद्र सरकारची ऐच्छिक प्रमाणपत्र योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यातही जंगलाबाहेरच्या झाडांसाठी स्वतंत्र भाग आहे. पण ती अजून नवी आहे. परदेशी खरेदीदार आज नाव घेतो ते पहिल्या दोघांचं.

आणि चौथा पर्याय, ज्याकडे लाकडाच्या हिशेबात कुणी बघत नाही: फेअरवाइल्ड. हे लाकडाचं नाही, रानातून गोळा केलेल्या वनस्पतींचं प्रमाणपत्र. भीमाशंकर भागात हिरडा-बेहड्याच्या फळांसाठी ते मिळालेलं आहे आणि फळं परदेशी चहा कंपनीपर्यंत जातात. झाड उभं राहतं आणि दर वर्षी फळ देतं. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, तो वेगळाच. वरच्या मूळ जंगलासाठी मी डोळे मिटून हाच मार्ग धरेन. अर्थात गावातले पाच-सहा मालक एकत्र आले आणि फळ घेणारा ठरलेला असला तरच.

खालच्या सागाचं मात्र घाई न करता ठरवा. तुमचं लाकूड प्रमाणित असलं, तरी मधला व्यापारी किंवा सॉ मिल प्रमाणित नसेल तर प्रमाणपत्राची साखळी तिथेच तुटते आणि पुढे ते साधं लाकूड म्हणूनच विकलं जातं. म्हणून गटाची फी भरण्याआधी खरेदीदाराकडून लेखी घ्या: कोणतं चिन्ह हवं, घनफुटाला किती जास्त देणार आणि माल कोणत्या मिलमध्ये चिरला जाणार.