दारू कमी करणारी गोळी: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट की अ‍ॅप्रेमिलास्ट?

माणूस अजून पितो आहे की थांबला आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा. निम्मी निवड तिथेच होते.

पिणं चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन, रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी. दारूमुळे मेंदूत सुटणारी अफूसारखी रसायनं ती अडवते, डोपामिन कमी उसळतं आणि पिण्यातली मजा जाते. घोळ होतो तो दुखण्याच्या गोळ्यांमुळे. पाठ धरली म्हणून ट्रामाडॉल घेणाऱ्याला ही दिली तर उलट्या, घाम, तळमळ सुरू होते. ट्रामाडॉल आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध ७ ते १० दिवस बंद हवं. अपघातात मॉर्फिन लागू पडत नाही, म्हणून गोळीची चिठ्ठी खिशात असू द्या. लिव्हर तपासल्याशिवाय सुरू करू नका.

थांबलेल्याने पुन्हा धरू नये म्हणून अकॅम्प्रोसेट: ३३३ मिलिग्रॅमच्या २ गोळ्या, दिवसातून ३ वेळा. कापूस वेचणीत दुपारच्या दोन हमखास राहतात. डब्यासोबतच बांधून द्या. ही किडनीतून बाहेर पडते, त्यामुळे लिव्हर थकलेल्याला बरी, पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघावं लागतं. 'जामा' नियतकालिकातल्या २०२३ च्या आढाव्यानुसार, एक जास्तीचा माणूस दारूपासून पूर्ण दूर राहायला अकॅम्प्रोसेट ११ जणांना द्यावं लागतं, नाल्ट्रेक्सोन १८ जणांना. बेसुमार पिणं रोखण्यात मात्र नाल्ट्रेक्सोनचा आकडा ११ आहे.

अ‍ॅप्रेमिलास्ट ही सोरायसिसची गोळी. ती पेशीतल्या सीएएमपी या निरोप्याला तुटू देत नाही. त्यातून क्रेब नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि काही जनुकांचं काम वाढतं. २०२३ मध्ये छापलेल्या अभ्यासात उंदरांचं पिणं घटलं. माणसांना ११ दिवस रोज ९० मिलिग्रॅम दिल्यावर दिवसाचे पाचाहून जास्त पेग दोनवर आले. आकडा मोठा, पण मुदत फार लहान. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या जनुकांचं काम असं मोजता येत नाही. उंदराचा मेंदू काढून त्यातला आरएनए, म्हणजे जनुक कामाला लागलं की बनणारी त्याची नक्कल, मोजतात. तिथेही बदल गोळीने झाला की कमी प्यायल्याने, हे कळायला फक्त पाणी पिणारे उंदीरही तीच गोळी देऊन तपासावे लागतात. दारूसाठी या गोळीला मान्यता नाही. जुलाब होतात, मन खचू शकतं. आज तरी आम्ही ती सुचवणार नाही.

'जनुक तपासून गोळी ठरवू' म्हणणाऱ्या लॅबला पैसे देऊ नका. नाल्ट्रेक्सोनबाबत ज्या ओपीआरएम-१ जनुकावर भिस्त होती, त्याचा अंदाज ठरवून केलेल्या चाचण्यांत टिकला नाही.

डायसल्फिरम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी) वरणात कालवून चोरून देऊ नका. वरून दारू पोटात गेली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असतं.

आणि रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असल्याने गावठी किती कडक होती ते घरच्यांना सांगता येत नाही, त्यामुळे धोक्याचा अंदाज चुकतो. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. फोनवर विचारायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.