टप उघडणारी सेकंडहँड गाडी घेताय? माझे १८,४०,००० कसे गेले ते वाचा

गाडी जर्मन, २०११ चं रजिस्ट्रेशन, पेट्रोल, दोन दरवाजांची. बटण दाबलं की पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जातो. मीटरवर ५८,२०० किलोमीटर. मी मोजले १८,४०,००० रुपये. कंपनीच्या वर्कशॉपच्या रेकॉर्डप्रमाणे हीच गाडी २०१९ मध्ये १,२१,४०० किलोमीटरवर ऑइल बदलायला आली होती. म्हणजे नंतरच्या पाच वर्षांत ती ६३,२०० किलोमीटर उलटी चालली.

मॉडेलचं नाव देत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण वकिलांनी हात जोडून सांगितलंय. पण लिहिणार आहे, कारण तो माणूस आजही त्याच गाळ्यात बसलेला आहे.

मीटर मागे करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. आजवर सगळ्या गाड्या सेकंडहँडच वापरल्या. म्हणून सीटच्या कडा बघितल्या, स्टेअरिंग बघितलं, ब्रेकच्या पेडलचं रबर वाकून बघितलं. सगळं ठीक. ठीक कसलं, कोरं करकरीत! स्टेअरिंगवर नवं लेदर शिवलेलं आणि पेडलला नवं रबर. आपण झीज शोधत बसतो आणि हे लोक झिजलेलंच बदलून ठेवतात. तेरा वर्षांच्या गाडीत पेडलचं रबर कोरं दिसलं तर ते झिजलेल्या रबरापेक्षा वाईट समजा. "मालक डॉक्टर आहेत, रविवारीच बाहेर काढायचे," असं सांगण्यात आलं. सेकंडहँड गाडीचा मालक दरवेळी डॉक्टरच कसा असतो, हा प्रश्न तुम्हीही त्यांना विचारा.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून बऱ्याचदा बदलायची राहते. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत ते इतर मॉड्यूलमध्येही, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत साठतात, काहींच्या तर किल्लीतसुद्धा. डिस्प्लेवरचा आकडा फिरवणारा दरवेळी सगळीकडे हात घालत नाही. त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या माणसाला लावून बघायला सांगा. साधा दोन हजारांचा ओबीडी, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, चालत नाही, त्यात 'ओके' आलं म्हणून खूश होऊ नका. आणि चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी मागवा, टोकन द्यायच्या आधी. मी मागितली नव्हती का? मागितली होती. ६,५०० रुपये देऊन कंपनीत तपासणीही करून घेतो म्हणालो होतो. त्यावर उत्तर आलं, "साहेब, कंपनीवाले चुका काढणारच, त्यांना बिल करायचं असतं. आणि दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय." दिवाळी तोंडावर होती, दुसरी पार्टी असणारच असं कुणालाही वाटलं असतं.

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यासमोर येतो म्हणून सविस्तर लिहितो.

मी पोचलो तेव्हा गाडी टप उघडून उभी केलेली होती. उन्हात लाल लेदर चमकत होतं. गाळ्याच्या मालकाने म्हणजे एजंटने स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून बटण दाबलं. डिकीचं झाकण मागे कलत वर उचललं गेलं, टपाचे तुकडे एकामागोमाग एक बाहेर आले आणि बसले. वीस-पंचवीस सेकंदांचा खेळ. मी आ वासून वर बघत होतो. तेवढ्यात त्यांच्याकडचा पोऱ्या, हातात ओलं फडकं, डिकीशी येऊन उभा राहिला. झाकण खाली येताना त्याने दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि अंगाचा भार दिला. कट्ट आवाज झाला. मग त्याच फडक्याने त्याने झाकणावरचे बोटांचे ठसे पुसले.

ते तळवे मी बघितले. बघूनही मला काय वाटलं? पोरगं किती जपून गाडी पुसतंय!

टपाबरोबर ते झाकणही आपोआप बंद होतं, कुणी दाबावं लागत नाही. ते दाबावं लागतं याचा अर्थ बहुधा हायड्रॉलिकचा, म्हणजे पंपाने तेल ढकलून टप हलवणाऱ्या यंत्रणेचा दाब संपलाय, नाहीतर लॅच (कडी) झिजलंय. पण अशी गाडी ज्याच्या घरात कधी नव्हती त्याला हे कुठून कळणार? घरात अशी गाडी असती तर मी सेकंडहँड घ्यायला गेलोच नसतो.

तर टप बघताना टपाकडे बघू नका. डिकीकडे बघा, मागे कोण उभं आहे ते बघा आणि पंपाचा आवाज ऐका. घरघर लांबत गेली किंवा मध्येच अडखळली तर तिथेच थांबा. बटण तुमच्या हाताने दाबा. गार गाडीवर एकदा आणि तासभर चालवून आल्यावर एकदा, दोन्ही वेळा पूर्ण उघड-बंद, इंजिन चालू ठेवून. डिकीतल्या टप हलवणाऱ्या सिलिंडरपाशी आणि अस्तरावर तेलाचे डाग आहेत का ते टॉर्च लावून बघा. बंद टपाने, म्युझिक बंद करून, खराब रस्त्यावर चालवा. मला गाणी लावून गुळगुळीत रस्त्यावर फिरवलं.

दुसरं म्हणजे पाणी. मी स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला होता, अगदी घातला होता. बोटांना ओल लागली. "आत्ताच वॉशिंग करून आणलीय." ठीक आहे, पोऱ्याच्या हातातलं फडकं ओलंच होतं, पटलं मला. टपाच्या कडेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं, कार्पेटखाली बसतं, आणि या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नेमकी डिकीच्या कोपऱ्यात नाहीतर सीटखाली असतात. म्हणून मॅट उचलून भागत नाही, कार्पेट उचला. वास घ्या. गाडीत एअर फ्रेशनरचा घमघमाट असेल तर काचा बंद करून उन्हात उभी करायला लावा आणि मग दार उघडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरातली आहे. सीटच्या रेलवर गंज असेल तरी तोच संशय घ्या.

इन्शुरन्सची पॉलिसी त्यांनी दाखवली, मी ती फोटो काढून घरी आणली, आणि त्यावर नो क्लेम बोनस ० टक्के लिहिलेला होता. गाडीला एकही क्लेम नाही म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर शून्य! वर्षभर क्लेम नसेल तर हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पाच वर्षांत ती ५० पर्यंत जाते. शून्याला दुसरीही कारणं असू शकतात, पॉलिसी खंडित झाली वगैरे. पण विचारायला तर हवं होतं. काचांच्या कोपऱ्यातले कोडही जुळवून बघा. सगळ्या काचा एका सालच्या आणि पुढची वेगळ्या सालची असेल तर ती का बदलली ते विचारा. टप उघडणाऱ्या गाडीची ताकद मुख्यतः खालच्या सांगाड्यात असते, दाराखालच्या सिलमध्ये. तिथे ठोकून सरळ केलेली किंवा वेल्डिंग केलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. रॅम्पवर चढवल्याशिवाय ते दिसत नाही.

गार इंजिन स्वतः सुरू करा हे वेगळं सांगायला नको. मी गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. गिअरबॉक्सचा झटका घरी आणल्यावर सकाळी कळला. टप तर पहिल्याच आठवड्यात अर्ध्यावर अडकला, तोही पाऊस पडत असताना.

वर्कशॉपचं एस्टिमेट जसंच्या तसं: टपाचा पंप, सिलिंडर आणि होज ३,८५,०००. डिकीतलं वायरिंग आणि पाणी गेलेलं मॉड्यूल १,४२,०००. गिअरबॉक्स २,१०,०००. एकूण ७,३७,०००. टायर यात नाहीत. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या टायरवर शेवटी १६ होतं. ५८ हजार चाललेल्या गाडीला टायर २०१६ चे, म्हणजे पाचच वर्षांत बदललेले, तेही चारही. असो.

आता पैसे कसे दिले ते वाचा, कारण खरी मेख इथे आहे. ५०,००० टोकन, एजंटच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने. १६,००,००० आरटीजीएस, परराज्यातल्या मूळ मालकाच्या खात्यात. १,९०,००० रोख, 'कमिशन आणि ट्रान्सफरचे'. दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही हा इन्कम टॅक्सचा नियम त्याला तोंडपाठ होता, म्हणून एक लाख नव्वद. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा आणि सही. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या कोऱ्या सह्या घेतल्या, "बाकी आमचा माणूस भरेल." म्हणजे कागदावर विकणारा कोण? तो डॉक्टर. एजंट कोण? कुणीच नाही. व्यवहार रचलेलाच असा होता की उद्या भांडायला गेलो तर समोर माणूसच नसावा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझी 'आठवडाभरात येतेय' ती अजून येतेच आहे. मालकाला व्हिडिओ कॉलवर बघा. मी फोनवर ज्या 'डॉक्टरां'शी बोललो तो आवाज नंतर गाळ्यातल्याच दुसऱ्या माणसाचा निघाला.

आरटीओत गेलो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की ते फॉर्म २९सी मध्ये कळवावं लागतं. त्यानंतर ती गाडी डीलरची जबाबदारी. मी एवढंच विचारलं की या माणसाकडे ते प्रमाणपत्र आहे का. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीने साहेबांकडे, साहेब मीटिंगमध्ये. शेवटी उत्तर मिळालं, "माहिती अधिकारात अर्ज करा." अहो, समोरच्या कॉम्प्युटरवर बघून हो किंवा नाही म्हणायचं होतं! आणि मी बाहेर पडतोय तर त्याच एजंटचा माणूस त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला उभा राहून चहा पीत होता.

पोलीस स्टेशनचं तर विचारूच नका. फाइल नीट लावून नेली होती. ड्युटीवरच्या साहेबांनी एस्टिमेट उलटं धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे." मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणालो, म्हणजे पूर्वीचं चारशे वीस. "कलमं आम्हाला सांगू नका. शिकलेले दिसता, अठरा लाख देताना बघितलं नाही?" शेजारचा हवालदार हसला. आणि पुढे, "पैसे परराज्यात गेलेत ना, तिकडे जा." दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी एफआयआर घ्यावीच लागते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय. पण ते त्यांना सांगणार कोण, मी? माझं हसं करून झालं होतं. पोलिसांच्या मोठ्या कार्यालयात गेलो तर तिथे म्हणे रक्कम लहान. माझ्यासाठी ती प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम होती. चोराला नियम माहीत, मला नियम माहीत, ज्याने राबवायचे तो म्हणतो कलम सांगू नका!

तुमच्यावर वेळ आली तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नका. ते घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एजंटशी झालेलं एकही चॅट डिलीट करू नका. त्याने 'लेस यूज्ड, जेन्युइन मीटर' असं लिहून पाठवलेला मेसेज हाच आता माझ्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तोंडी काही विचारू नका, विचारलंच तर घरी येऊन लिहून पाठवा, "तुम्ही आज असं म्हणालात."

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये, मुदत दोन वर्षांची. एजंटच्या वकिलांचं लेखी म्हणणं आलं. त्यांचा अशील गाड्यांचा व्यापार करत नाही, त्याने दोन पक्षांची केवळ ओळख करून दिली, कोणताही मोबदला घेतला नाही, आणि तक्रारदाराने टपासह गाडी पूर्ण तपासून, समाधान झाल्यावर घेतली. व्हिजिटिंग कार्डाची दुसरी बाजू आता आम्ही जोडतोय. हस्ताक्षर तपासायला पाठवण्याचा अर्ज पुढच्या तारखेला आहे.