सम्राट अशोक आणि कॉनवेचा धूर : एअर इंडियाच्या दोन संग्राह्य विमानचित्रांविषयी

विमानचित्रांच्या संग्राह्य प्रिंट्सचा बाजार पाहिला, तर त्यावर आजही दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचेच राज्य आहे. स्पिटफायर, मस्टँग, लँकेस्टर यांच्या गर्दीत प्रवासी जेट विमानांना कोपऱ्यातली जागा मिळते, आणि त्या कोपऱ्यातही मोठा वाटा कॉन्कॉर्ड घेऊन बसलेले असते. एअर इंडियाच्या विमानांचे चांगले चित्र त्यामुळे क्वचितच हाती लागते. ब्रिटनमधील एका लहान प्रकाशकाच्या यादीत एकाच वेळी अशी दोन चित्रे दिसली, तेव्हा ती दोन्ही मागवली. पहिले चित्र ‘सम्राट अशोक’ या बोइंग 747-237बी विमानाचे बाजूने काढलेले, संगणकावर रेखाटलेले आणि जिक्ले पद्धतीने, म्हणजे शाईच्या अतिसूक्ष्म तुषारांनी, छापलेले आहे. दुसरे बोइंग 707-437 चे असून मूळ तैलचित्रावरून ऑफसेटवर छापलेले आहे. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होती. मला मात्र दुसरेच अधिक मोलाचे वाटते, आणि त्याची कारणे कागदापेक्षा विमानाशी निगडित आहेत.

दोन्ही नावांच्या शेवटी येणारा 37 हा आकडा योगायोगाने आलेला नाही. बोइंग कंपनी त्या काळी प्रत्येक ग्राहक विमानकंपनीला स्वतंत्र क्रमांक देत असे, आणि 37 हा एअर इंडियाचा. त्यामुळे 707-437 म्हणजे एअर इंडियासाठी बांधलेले 400 मालिकेतील 707, आणि 747-237 म्हणजे तिच्यासाठीच बांधलेले 200 मालिकेतील जम्बो. ही बारकी नोंद येथे देण्याचे कारण असे की, ज्या चित्राखाली नुसते ‘बोइंग 747, एअर इंडिया’ एवढेच छापलेले असते, त्याच्या चित्रकाराने नेमके कोणते विमान समोर ठेवले होते हे बहुधा त्यालाही सांगता येत नाही. 200 मालिकेच्या रंगसंगतीत 400 मालिकेची, टोकाला वर वळलेले पंख आणि लांबवलेला वरचा मजला असलेली जम्बो मी अनेक ठिकाणी विक्रीला पाहिली आहे.

‘सम्राट अशोक’च्या प्रिंटमध्ये हा घोटाळा नाही. व्हीटी-ईबीडी या नोंदणीचे हे विमान 1971 मध्ये मुंबईत आले. एअर इंडियाचे ते पहिले जम्बो, आणि त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोक्याची महिरप काढलेली होती. प्रवाशांच्या खिडक्यांची लांबच लांब रांग आणि प्रत्येकीवर ती महिरप, हे रेखाटणे दिसते तितके सोपे नाही. विमानाचे अंग नाकाकडे निमुळते होते तिथे महिरपींचा कलही किंचित बदलायला हवा. चित्रकाराने तो बदलला आहे, एकच महिरप नक्कल करून रांगेत चिकटवलेली नाही. वरच्या मजल्याचे कुबड आखूड आहे, पंखांची टोके साधी आहेत, इंजिने प्रॅट अँड व्हिटनीची आहेत, आणि पुढची दोन व मागची सोळा अशी 18 चाके जिथल्या तिथे आहेत.

गाडी अडली ती अक्षरांपाशी. चित्रात विमानाची उजवी बाजू दाखवली आहे आणि तिच्यावर कंपनीचे नाव देवनागरीत आहे. ते लिहिताना संगणकाने ‘इंडिया’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘ड’च्या आधी न काढता नंतर, आणि तीही शिरोरेषेपासून तुटलेली अशी काढली आहे. झरोक्यांच्या महिरपींचा कल जपणाऱ्या माणसाने विमानावरील सर्वांत ठळक अक्षरे कोणाही देवनागरी वाचणाऱ्याला एकदा दाखवली असती, तर ही चूक पाच मिनिटांत निघाली असती. परदेशी ग्राहकाच्या ती लक्षातही येणार नाही, पण आपल्याकडच्या भिंतीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याची नजर आधी तिथेच जाते.

आणखी एक गोष्ट रुचली नाही. प्रिंटसोबतच्या पत्रकात 1 जानेवारी 1978 रोजी वांद्र्यासमोरच्या समुद्रात झालेल्या या विमानाच्या अपघाताला दोन परिच्छेद दिले आहेत आणि त्याच्या बांधणीला जेमतेम दोन ओळी. त्या रात्री 213 माणसे गेली. त्यांचा उल्लेख अवश्य असावा, पण त्याच्या जोरावर चित्राची ‘दुर्मीळता’ पटवून देण्याची भाषा मला बरी वाटली नाही.

आता 707 कडे वळतो. फेब्रुवारी 1960 मध्ये एअर इंडियाकडे पहिले 707 आले, मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि 1962 मध्ये संपूर्ण ताफा जेट विमानांचा असलेली ती जगातील पहिली विमानकंपनी ठरली. चित्रात असेच एक विमान सांताक्रूझहून पश्चिमेकडे उडून जुहूच्या किनाऱ्यावर आलेले आहे. चाके निम्मी आत गेली आहेत, खाली माडांची रांग आहे, आणि चारही इंजिनांमागे काळ्या धुराच्या रेघा आहेत. पत्रकात या धुराबद्दल एक अक्षरही नाही, परंतु चित्राचा प्राण तोच आहे. त्या पिढीतील जेट इंजिने उड्डाणाच्या वेळी खरोखरच असा धूर सोडत, आणि बहुतेक चित्रकार आकाश स्वच्छ दिसावे म्हणून तो गाळून टाकतात.

इंजिने कोणती, हा प्रश्न 707 च्या बाबतीत सर्वांत कसोटीचा आहे. 437 ला रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती, तर एअर इंडियाने पुढे घेतलेल्या 337 मालिकेला प्रॅट अँड व्हिटनीची. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनाचा पुढचा भाग फुगीर असतो आणि पंख्याची हवा तेथूनच बाहेर पडते. कॉनवे सडपातळ, एकसंध नळकांड्यासारखे दिसते, आणि आवाज कमी करण्यासाठी त्याच्या मागच्या तोंडाला पाकळ्या पाडलेल्या असतात. चित्रकाराने त्या पाकळ्या रंगवल्या आहेतच, शिवाय जवळच्या इंजिनाच्या पाकळ्यांमध्ये साचलेली काजळीही दाखवली आहे. ब्रिटिश परवान्याच्या निमित्ताने कॉनवेच्या 707 ला शेपटीखाली बसवलेला लहानसा पंखही जागेवर आहे. ज्याने विमान शेजारी उभे राहून पाहिले आहे, किंवा निदान छायाचित्रे भिंगाखाली घातली आहेत, त्याच्याच हातून असे काम होते.

छपाईत मात्र जिक्ले प्रिंट निःसंशय सरस आहे. दहा पट भिंगातून पाहिल्यास ऑफसेटच्या प्रिंटवर चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते, तर जिक्लेवर शाईचे अतिसूक्ष्म, विखुरलेले तुषार दिसतात आणि लाल महिरपीची कड कुठेही फाटत नाही. त्याचा कागद जाड, सुती आणि किंचित पिवळसर आहे. अतिनील दिव्याखाली तो निळा चमकत नाही, म्हणजे त्यात कृत्रिम शुभ्रक घातलेले नाहीत. 707 चा कागद चमकतो. काही वर्षांत त्याचा पांढरेपणा उतरेल, हे धरूनच तो घ्यावा.

दोन्ही प्रिंट्स मजबूत नळीतून सुखरूप आल्या. फ्रेम करताना फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात : माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लविरहित हवा, आणि काच कागदाला टेकता कामा नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या कागदावर एका पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मग स्वाक्षरी कोणाचीही असली तरी ते चित्र विकत घ्यायला कोणी येत नाही. मागे साधी चिकटपट्टी लावू देऊ नये.

राहिला प्रश्न मर्यादित आवृत्तीचा. दोन्ही चित्रांखाली पेन्सिलीने स्वाक्षरी आणि क्रमांक आहे. ‘अशोक’ची आवृत्ती 250 प्रतींची असून सोबत जाड कागदावरचे, सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र येते. 707 ला असले काही नाही. परंतु तेच ‘अशोक’चे चित्र त्याच यादीत लहान आकारात आणि कॅनव्हासवरही उपलब्ध आहे आणि त्या दोन्ही ‘स्वतंत्र’ मर्यादित आवृत्त्या आहेत, तेव्हा 250 या आकड्याला किती किंमत द्यायची हे घेणाऱ्याने ठरवावे. चुकलेल्या वेलांटीबद्दल मी प्रकाशकाला पत्र पाठवले. पुढच्या छपाईत ती दुरुस्त करू, असे त्यांचे अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले. 250 प्रतींवर थांबणाऱ्या आवृत्तीला पुढची छपाई कोठून येणार, याचा खुलासा त्यात नव्हता.