‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा प्रारंभिक संच: ओसरीवरची राक्षस-शिकार

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेल्या या, पात्रे वठवत गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाचा २०१४ मधील प्रारंभिक संच आम्ही पाच जण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, कापसाची वेचणी आटोपल्यावर, ओसरीवर बसून खेळलो. पेटीत ३२ पानांची नियमपुस्तिका, ६४ पानांची मोहीम, पाच तयार पात्रे आणि सहा फासे आहेत.

जादूची आखणी मला सर्वांत आवडली, कारण ती फुकट मिळत नाही. नवख्या जादूगाराजवळ सुरुवातीला दोनच जोरकस मंत्रांची ताकद असते आणि ती खर्ची पडल्यावर पूर्ण भरून येण्यासाठी दीर्घ विश्रांती घ्यावी लागते. त्यामुळे मंत्र आत्ताच टाकावा की राखून ठेवावा, यावरच आमचा निम्मा वेळ गेला. वीस बाजूंच्या फाशाने दगा दिला, तर गॉब्लिनसारखा किरकोळ राक्षससुद्धा चौघांना घाम फोडतो.

मोहिमेत सामानाची गाडी पोहोचवल्याबद्दल प्रत्येकी दहा सोन्याची नाणी मिळतात, तीही रोख. चुकाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्या आमच्या मंडळींना खरी जादू हीच वाटली.

मजकूर इंग्रजीत असल्याने पाचव्यावर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्या सूत्रधारावर, भार पडतो. आमच्या पुतण्याने मात्र गॉब्लिनच्या तोंडी ‘कुठी चालले बे?’ घालून तो हलका केला. वीज गेली तरी खेळ थांबत नाही, फक्त कंदिलाच्या उजेडात फासे परातीत टाकावेत.