फंक्शनल भाषेतून पीडीएफ: एचपीडीएफ, सीएलजे-पीडीएफ की पॅनडॉक?

पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) निवडण्याआधी तिच्यातून एकच शब्द छापून बघा: ‘किंमत’. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत) आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. कोड आणि फाँटमधला आकार यांची नुसती एकास एक जोडी लावणारी लायब्ररी असेल, तर डावीकडे हवी असलेली वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. जोडाक्षरंही पाय मोडून सुटी पडतात. निम्मा निर्णय इथेच होतो.

एचपीडीएफ नखशिखांत हास्केल या फंक्शनल (फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहायच्या) भाषेत लिहिलेली आहे. पान म्हणजे ५९५ × ८४२ पॉइंटांचा (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) ए४ कागद, आणि शून्य बिंदू खाली डाव्या कोपऱ्यात. स्क्रीनवर वरून खाली मोजायची सवय असलेल्यांचं पहिलं चित्र हमखास उलटं येतं. आलेख, लेबलं, जागच्या जागी बसणाऱ्या आकृत्या यांसाठी मला ती आवडते. देवनागरी मजकुरासाठी मात्र तिच्या वाटेला जाऊ नका.

सीएलजे-पीडीएफ क्लोजर या दुसऱ्या फंक्शनल भाषेची. दस्तऐवज म्हणजे एकात एक बसवलेले व्हेक्टर (क्रमवार याद्या): प्रत्येकात पहिला घटक कीवर्ड, म्हणजे प्रकार सांगणारा शब्द, पुढे मजकूर. बिलाच्या ओळींवर मॅप (प्रत्येक ओळीला तेच फंक्शन लावणं) चालवला की तक्ता तयार. याचा खरा फायदा टेस्टिंगमध्ये कळतो. पीडीएफमध्ये तयार झाल्याची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे दोन फाइली बाइट-बाय-बाइट जुळवायला गेलात तर टेस्ट उगाच नापास होते. इथे फाइल बनण्याआधीचा व्हेक्टरच तपासता येतो. प्रत्यक्ष छपाई खाली जावाची लायब्ररी करते, तेव्हा देवनागरी आपोआप जमेल असं गृहीत धरू नका.

पॅनडॉकही हास्केलचाच, पण तो स्वतः पीडीएफ बनवत नाही. मजकुराचं झाड (शीर्षकं, परिच्छेद यांची रचना) तुम्ही फंक्शनांनी हवं तसं बदलता, आणि पानं दुसरंच इंजिन लावतं. न सांगता तो पीडीएफलाटेक (लाटेक या पानं लावणाऱ्या प्रणालीचं एक इंजिन) वापरतो आणि देवनागरीवर अडखळतो. झीलाटेक हे लाटेकचंच दुसरं इंजिन, देवनागरी फाँट आणि त्या फाँटची लिपी देवनागरी आहे हे सांगितलं की ‘किंमत’ नीट उमटते. लाटेकचा पसारा सर्व्हरवर नको असेल तर नव्या आवृत्त्यांत टाइप्स्ट हे वेगळं इंजिन चालतं, तेही सुटसुटीत. पानावर नेमक्या जागी काही बसवायचं असेल तर मात्र इथे झगडावं लागतं.

मराठी अहवाल असेल तर मी डोळे झाकून पॅनडॉक घेईन. इंग्रजी बिलं आणि आधीच क्लोजरचा प्रकल्प असेल, तर सीएलजे-पीडीएफ सोडून दुसरीकडे जायचं कारण दिसत नाही.