विंडोज ७ दुकानात ठेवलं, पण नेटवरून काढलं: देवगडच्या डीटीपी दुकानातला अनुभव

आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान देवगड तालुक्यात आहे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, जत्रेची पत्रकं, दशावतारी नाटकांच्या जाहिराती, बिलबुकं ही कामं होतातच, शिवाय त्याच टेबलावर सातबारा, ऑनलाइन फॉर्म आणि लाइट बिलंही चालतात. हे सगळं दोन जुन्या पीसींवर. दोन्ही इंटेलच्या तिसऱ्या पिढीतले आय-३, म्हणजे २०१२च्या सुमाराचे. दोन्हींवर विंडोज ७ होतं आणि दोन्ही दिवसभर नेटवर असायचे. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही ही मांडणी बदलली. एक पीसी नेटवरून कायमचा काढला आणि दुसऱ्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. लग्नसराई आणि आंब्याचा हंगाम याच मांडणीवर पार पडला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

विंडोज ७ मुळात का ठेवलं ते आधी सांगते, कारण "नवीन घ्या की" हे सगळेच सांगतात. आमचं पत्रिकांचं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते २००१ सालचं, त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आलीच नाही. मराठी टायपिंग श्री-लिपी या फाँटच्या पॅकेजमध्ये, आणि आमच्याकडच्या जुन्या पॅकेजचा डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी चावी, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लागतो. तो पोर्ट नव्या पीसीला नसतो. त्या काळातले फाँट युनिकोड (अक्षरं सगळीकडे सारखीच ओळखली जाणारी पद्धत) नाहीत, त्यामुळे जुनी फाइल दुसरीकडे उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. इथे देवळाचं पत्रक दर वर्षी नव्याने होत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तिथी-तारीख बदलायची, मानकऱ्यांच्या यादीत एखादं नाव पुढेमागे करायचं आणि छापायचं. ही सगळी वर्षं त्या एका पीसीत आहेत. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे आमच्या मशीनला तो रस्ता बंदच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तिथे चढूनही उपयोग नव्हता.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. मोठ्या संस्थांना पैसे भरून मिळणारे अपडेटही जानेवारी २०२३ मध्ये थांबले. त्याच्या पुढच्याच महिन्यात क्रोमने विंडोज ७ सोडलं, १०९ ही शेवटची आवृत्ती. एवढं होऊनही पुष्कळ दुकानांत आजही विंडोज ७ वर क्रोम १०९ चालतं आणि त्यावर गिऱ्हाइकांचे आधार नंबर, बँकेचे पासबुक, जमिनीचे कागद उघडले जातात. मला काळजी वाटते ती याची. आपल्याकडे काय चोरायचं, हा विचार दुकानदाराने करून चालत नाही, कारण त्या पीसीतली कागदपत्रं आपली नसतात, लोकांची असतात.

"अँटिव्हायरस आहे ना" हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलं आहे. अँटिव्हायरस ओळखीचा चोर पकडतो, भिंतीला पडलेलं भगदाड बुजवणं हे त्याचं काम नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं म्हणून नव्हे. विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमध्ये, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत, एक दोष होता. त्यातून तो एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप उडी मारत गेला. सर्वात जास्त मशीन विंडोज ७ ची बाधित झाली. त्या दोषाचा अपडेट १४ मार्च २०१७ लाच आलेला होता, म्हणजे ज्यांनी तो घेतला ते वाचले. आता विंडोज ७ मध्ये नवा दोष सापडला तर तसा अपडेट येणारच नाही. मग त्या मशीनला नेटपासून तोडणं हाच खरा उपाय उरतो, आणि आम्ही तेच केलं.

तोडणं म्हणजे नुसती केबल काढणं नव्हे. केबल कोणीही घाईत परत लावतो. आम्ही डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नेटवर्क कार्डच बंद केलं आणि रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं केलं. पेजमेकर आणि डोंगल साध्या खात्यावर नीट चालतात, प्रत्येकाचं पॅकेज चालेलच असं नाही, आधी तपासा. सगळं जुळल्यावर क्लोनझिला या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. हे सर्वात महत्त्वाचं. आज विंडोज ७ कोऱ्या डिस्कवर नव्याने टाकायचं तर अपडेट सरळ उतरत नाहीत. आधी नव्या अपडेटवरची सही ओळखायला लागणारा एसएचए-२ चा अपडेट हाताने आणून टाकावा लागतो, मग पुढचं. ती सगळी वरात परत काढण्यापेक्षा तयार प्रत परत चढवणं किती तरी सोपं. पावसाळ्याच्या तोंडावर वीज ये-जा करत असताना विंडोज एकदा सुरूच होईना, तेव्हा ही प्रत चढवली आणि दुपारच्या जेवणाआधी पत्रिकेचं काम पुन्हा सुरू झालं.

आता दुसरा पीसी, नेटचा. त्यावर लिनक्स मिंटची २२ मालिका, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असल्यामुळे २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. रॅम चारची आठ जीबी केली आणि हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. जो वेग आला तो मुख्यतः एसएसडीने आला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी तोच पीसी आता ताज्या फायरफॉक्सवर सरकारी साइट न अडखळता उघडतो. खाली एक्सएफसीईची पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे दुकानात कामाला असलेल्या मुलीला काही शिकवावं लागलं नाही. अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप लावून ठेवले आहेत, आणि टाइमशिफ्ट हा प्रोग्राम रोज सिस्टिमचा एक स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी प्रत, घेतो. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सहज होतं. फक्त टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची सवय असलेल्या बोटांना आठवडाभर त्रास होतो.

पेनड्राइव्हबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्या दुकानात धोका तिथूनच जास्त येतो. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं, ती शाळेच्या, पतपेढीच्या, मुंबईच्या ऑफिसच्या पीसीत फिरून आलेली असते. पूर्वी ती लावली की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायचे, त्यावर क्लिक केलं की मागची स्क्रिप्ट चालायची आणि आमचा पीसीही बाधित. आता प्रत्येक पेनड्राइव्ह आधी मिंटवर लागते. तिथे तीच पेनड्राइव्ह उघडली की सगळा प्रकार उघडा पडतो: एक .lnk शॉर्टकट, एक .vbs फाइल (तीच ती स्क्रिप्ट), आणि नावाची जागा नुसती रिकामी असलेलं एक फोल्डर, ज्यात गिऱ्हाइकाचे सगळे फोटो जसेच्या तसे. विंडोजने लपवलेलं लिनक्स लपवत नाही आणि ती स्क्रिप्ट इथे चालतही नाही. एक वयस्कर काका मुलाच्या लग्नाचे फोटो गेले म्हणून हवालदिल होऊन आले होते. फोटो स्क्रीनवर दिसल्यावर म्हणाले, "वैनी, ह्यो जुनो कंपुटर अजून चलता मां? नवीन घेव नुको." त्यांचे फोटो स्वच्छ पेनड्राइव्हवर घालून दिले.

मिंटवर फाइल तपासली, क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने एकदा चाळली, की लागतील तेवढेच फोटो जेपीजी किंवा टिफ करून दुकानाच्या एका ठरलेल्या पेनड्राइव्हवर जातात. विंडोज ७ ला फक्त तीच पेनड्राइव्ह लागते. तिला लाल दोरा बांधला आहे, म्हणजे चुकीची लावली जात नाही. हे दिवसातून अनेकदा करावं लागतं आणि हंगामात कंटाळा येतो. मार्चमध्ये लेबलांची गर्दी असते, बागायतदार समोर उभा असतो, "देवगड हापूस" खाली फोन नंबर बदलायचा असतो, तेव्हा सरळ केबल जोडावी असं वाटतं. तो मोह टाळला. दोन्ही पीसींमध्ये फाइल शेअरिंग करणं शक्य होतं, विंडोज ७ ला एसएमबीची दुसरी आवृत्ती येते. पण मग नेटवरच्या पीसीतून जुन्या पीसीत जायला वाट उरते. ज्यांच्याकडे अजून विंडोज एक्सपी आहे त्यांना तर फक्त पहिलीच आवृत्ती कळते, आणि आताच्या लिनक्सचं सांबा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर ती मुळात बंदच ठेवतं. एक्सपीवाल्यांनी शेअरिंग सुरू करण्यासाठी ते दार परत उघडू नये, एवढी विनंती.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. आमचा जुना लेझर प्रिंटर मिंटवर मनासारखा चालला नाही, ड्रायव्हर लागतो पण मधेच अडकतो. तो विंडोज ७ ला जोडून ठेवला आणि मिंटसाठी वेगळा प्रिंटर घेतला. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन यांचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे, ती कामं मिंटवर होत नाहीत. अशी कामं ज्यांची रोजची आहेत त्यांनी विंडोज १० चा एखादा पीसी ठेवावा आणि त्याची वाढीव सुरक्षा अपडेट घ्यावीत. घरगुती वापरकर्त्याला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंगचं बॅकअप चालू ठेवलं तर वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. माझ्या नणंदेच्या पीसीवर तसंच केलं आहे, काही अडचण नाही.

दिराचं तारकर्लीला लॉज आहे. त्यांचं बिलिंग विंडोज ७ वर आहे आणि बुकिंगसाठी तोच पीसी नेटवर असतो. तिथे वेगळं करायला दुसरं मशीन नव्हतं, म्हणून झिरोपॅच घेतलं. त्यात स्लोव्हेनियातली एक कंपनी जुन्या विंडोजसाठी दोष बुजवणारे छोटे पॅच बनवते, ते चालू प्रोग्रामच्या मेमरीतच लागतात, मशीन बंद-चालू करावं लागत नाही. वर्षाला पैसे लागतात. पीसी हळू झालेला जाणवला नाही. पण तिथे निवडक दोषांचेच पॅच येतात, सगळ्यांचे नाहीत, म्हणून ब्राउझर फायरफॉक्सची ११५ची दीर्घ सपोर्टची आवृत्ती ठेवली आणि बँकेचे व्यवहार त्या मशीनवरून पूर्ण बंद केले. हंगाम संपला की त्यांनी दुसरा पीसी घ्यावा हेच माझं मत आहे.

आपल्याकडच्या हवेचा त्रास वेगळाच. खाऱ्या दमट हवेत रॅमच्या पट्ट्या काळवंडतात आणि पीसी नुसता बीप देत बसतो. रॅम काढून शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली की बहुतेक वेळा चालू होतो. पावसाळ्यात काम नसलं तरी विंडोज ७ चा पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवतो, आतली ऊब त्याला सुकं ठेवते. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. नेटवरच्या पीसीला असं झालं तर प्रत्येक साइट असुरक्षित दाखवते, कारण साइटच्या प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. लोक याला व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. आधी घड्याळ बघा, सेल बदला.

राउटरही या हिशेबात धरला पाहिजे. गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि राउटरचा कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. आमच्याकडे तो कित्येक वर्षं कोणी बदलला नव्हता, आणि आजूबाजूच्या दुकानांतही चित्र वेगळं नसेल असं वाटतं.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं काम हळूहळू सुरू केलं आहे. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण "खाऱ्या", "वाऱ्या" मधला अर्धा र आणि काही जोडाक्षरं हमखास बिघडतात, त्यामुळे प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. मांडणी तर येतच नाही, फक्त मजकूर येतो, पत्रकाची चौकट नव्याने लावायची. आधी देवस्थानांची पत्रकं घेतली आहेत, कारण ती दर वर्षी लागतात आणि त्यातली नावं चुकलेली गावात चालत नाहीत. लेबलांची मराठी ओळ छोटी असते, ती थेट इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने केली आणि छपाई उलट जास्त स्वच्छ आली. लग्नपत्रिका मात्र अजून विंडोज ७ वरच होतात आणि डोंगल चालतो आहे तोवर तिथेच होतील.

ज्यांच्याकडे दोन मशीन आहेत आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर सुटत नाही, त्यांनी ही मांडणी जरूर करावी. खर्च एसएसडी, रॅम आणि बाहेरच्या हार्ड डिस्कचा. एकच मशीन असेल तर त्यावर नेट चालवायचं की पेजमेकर, याचा निर्णय आधी घ्या. दोन्ही एकाच विंडोज ७ वर ठेवू नका.